दाताचा फोटो कशाला हवा?

‘दुखत नाही तं कायले जा लागते दवाखान्यात?’ आमच्या बुलडाणा जिल्ह्यात बायकांपुढे दातांचा विषय काढला की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. आणि एकदा का दुखायला लागलं की दुसरं वाक्य तयारच असतं, ‘आता काढूनच टाका डॉक्टरसाहेब, रोजची कटकट नको!’ मैत्रिणींनो, आपल्या दातांचं सगळं आयुष्य या दोन वाक्यांतच संपतं. पहिल्या वाक्याच्या वेळी आपण निर्धास्त असतो, दुसऱ्याच्या वेळी हात टेकलेले असतात. मधल्या दोन-तीन वर्षांत त्या दाताच्या आत नेमकं काय चाललं होतं, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

ते पाहायचं साधन म्हणजे दाताचा एक्स-रे, आपल्या बोलीत ‘फोटो’. आणि नेमका त्यालाच आपला विरोध असतो. डॉक्टरांनी ‘आधी एक फोटो काढू’ म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते. दात तर समोर दिसतोय, मग त्याचा फोटो कशाला? बिल वाढवायचे धंदे सगळे! बचत गटाच्या बैठकीत, आरोग्य शिबिरात हे मी इतक्यांदा ऐकलंय की यावर एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. माझं म्हणणं अगदी साधं आहे. दात ठेवायचा की काढायचा, हे ठणक्यावर सोडू नये, फोटो पाहून ठरवावं. मात्र तो फोटो आपल्याला दाखवला पाहिजे, आपल्या भाषेत समजावला पाहिजे, आणि तो काढायची सोय गरिबाच्या आवाक्यात असली पाहिजे.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘दाताला कीड लागली’ असं आपण म्हणतो. हरभऱ्याला लागते, ज्वारीला लागते, तशीच दातालाही लागत असेल असं वाटतं. म्हणून तर खेड्यापाड्यांत भुईरिंगणीच्या बियांचा धूर तोंडात घेऊन ‘किडे पाडायचा’ उपाय अजून केला जातो. पण दातात किडा नसतोच! दातांवर बसलेल्या चिकट थरात सूक्ष्म जंतू असतात. आपण खाल्लेल्या साखरेपासून, पिठूळ पदार्थांपासून ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताचे क्षार हळूहळू विरघळतात. चहाबरोबरची बिस्किटं, पोरांच्या हातातली चॉकलेटं, दिवसभर अधूनमधून चाललेलं चरणं, या प्रत्येक वेळी हा उद्योग नव्यानं सुरू होतो.

आता गंमत बघा. दाताचं वरचं पांढरं कवच, ज्याला डॉक्टर एनॅमल म्हणतात, त्याला संवेदनाच नसते. ते पोखरलं जात असताना आपल्याला काहीही कळत नाही. त्याच्या आतल्या थरापर्यंत म्हणजे डेंटीनपर्यंत कीड गेली की गार पाण्यानं, गोडानं कळ येते. ती कळ आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. आणि कीड जेव्हा मधल्या नसेपर्यंत पोहोचते तेव्हा रात्री-अपरात्री ठणका लागतो, मग लवंग काय, कापूर काय, पेनकिलर काय, सगळं होतं. म्हणजे दुखणं ही किडीची पहिली बातमी नसते, ती शेवटची असते. ‘दुखत नाही म्हणजे दात चांगला’ हा आपला हिशेबच मुळात चुकतो.

बरं, दुखत नसलं तरी आरशात दिसेल ना? नेहमी नाही दिसत. कीड दोन ठिकाणी जास्त धरते. एक म्हणजे दाढेवरच्या खाचा, तिथला काळा खड्डा एखादे वेळी दिसतो. दुसरी जागा म्हणजे दोन दाढा एकमेकींना जिथे चिकटलेल्या असतात ती फट. तिथे ब्रश जात नाही, बोट जात नाही आणि नजरही जात नाही. वांग्याचं उदाहरण घ्या. बाजारातून आणलेलं वांगं बाहेरून कसं छान जांभळं, तुकतुकीत असतं. एक बारीक टोचा दिसतो न दिसतो, पण चिरलं की आतून पोखरलेलं! वांगं आपण चिरून पाहतो. दात चिरून पाहता येत नाही, म्हणून फोटो.

या फोटोची कथा आपल्यासारख्या गृहिणींना आवडेल अशी आहे. १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञाला हे किरण सापडले आणि डिसेंबरमध्ये त्यानं फोटो काढला तो बायकोच्या हाताचा. बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी त्यात दिसली. दोन-चार आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, ऑटो वॉकहॉफ नावाच्या जर्मन दंतवैद्यानं स्वतःच्या तोंडात काचपट्टी धरून दातांचा फोटो घेतला. त्यासाठी त्याला २५ मिनिटं निश्चल पडून राहावं लागलं होतं. आज तेच काम एका सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं. आणि आता बऱ्याच दवाखान्यांत फिल्म धुवायची भानगडही राहिली नाही. तोंडात छोटा सेन्सर ठेवला की समोरच्या कॉम्प्युटरवर दात दिसतो.

तो फोटो वाचायचा कसा? त्यासाठी डॉक्टरच व्हावं लागतं असं नाही, मोटामोटी आपल्यालाही कळू शकतं. जो भाग घट्ट तो किरणांना अडवतो आणि फोटोत पांढरा दिसतो. जो भाग पोकळ किंवा मऊ तो काळपट दिसतो. दाताचं कवच सगळ्यांत पांढरं, आतलं डेंटीन करडं, मधली नस काळपट. चांदीसारखी धातूची जुनी सिमेंट भरलेली असेल तर ती पांढरीशुभ्र. आता या पांढऱ्या कवचात, दोन दाढा जिथे टेकतात त्याच्या जरा खाली, काळपट सावली दिसली की शंका घ्यायची. ती कवचापुरतीच आहे, की डेंटीनमध्ये शिरली आहे, की नसेच्या जवळ गेली आहे, हे पाहायचं. आणि मुळाच्या टोकाशी काळा गोल दिसला, तर तिथे पू किंवा संसर्ग झालेला असू शकतो.

फोटोचेही प्रकार असतात. एका दाताचं मुळाच्या टोकापर्यंत चित्र देणारा छोटा फोटो आपल्याकडे सर्रास काढतात. दाताच्या फटीतली कीड शोधायला ‘बाईटविंग’ नावाचा फोटो जास्त उपयोगी. यात एक पट्टी दातांत चावून धरायची, म्हणजे वरच्या आणि खालच्या दाढा एकाच फोटोत येतात. हॉवर्ड रेपर या अमेरिकन दंतवैद्यानं १९२५ साली तो प्रचारात आणला. शंभर वर्षं झाली त्याला! तिसरा प्रकार ओपीजी, म्हणजे यंत्र चेहऱ्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका चित्रात दिसतात. अक्कलदाढ, जबड्याचं फ्रॅक्चर यासाठी तो चांगला, पण फटीतली बारीक कीड टिपायला छोटाच फोटो बरा. मोठा फोटो म्हणजे चांगला फोटो, असं काही नसतं.

आता नाण्याची दुसरी बाजू. फोटो म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. दाताचे साधारण ३० ते ४० टक्के क्षार एखाद्या जागेवरून गेल्याशिवाय सावली फोटोत उमटतच नाही. म्हणजे अगदी नुकती सुरू झालेली कीड फोटोलाही दिसत नाही. आणि जेवढी दिसते त्यापेक्षा प्रत्यक्षात ती थोडी जास्तच खोल असते. फोटो घेताना कोन चुकला तर शेजारचे दात एकमेकांवर येतात आणि फटच झाकली जाते. दाताच्या मानेजवळ कधी कधी नुसतीच काळपट छाया येते, ती कीड नसते. काही रंगीत सिमेंटही काळपट दिसतात. म्हणून चांगला डॉक्टर फोटोबरोबर आरसा, उजेड आणि तुमचं म्हणणं या तिन्हींचा मेळ घालतो. आता तर फोटोतली सावली ओळखणारे कॉम्प्युटर प्रोग्रामही आले आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ साली अशा प्रोग्रामना परवानगी दिली. पण ते डॉक्टरांच्या मदतीला आहेत, निर्णय माणसानंच घ्यायचा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, प्रत्येक सावलीला ड्रिल लागत नाही! कीड नुसत्या कवचापुरती असेल आणि खड्डा पडलेला नसेल, तर फ्लोराईडची टूथपेस्ट, रात्रीचं ब्रशिंग, गोड कमी खाणं आणि डॉक्टरांनी लावलेलं फ्लोराईड, एवढ्यानं ती थांबू शकते. पुढच्या फोटोत सावली वाढली नाही म्हणजे थांबली. म्हणूनच फोटोचा खरा फायदा वेळेत काढण्यात आहे. कवचातच पकडली तर पेस्टवर भागतं, डेंटीनमध्ये पकडली तर सिमेंट भरून भागतं, नसेपर्यंत गेली तर रूट कॅनॉल आणि वर कॅप, म्हणजे हजारोंचा खर्च. तो परवडत नाही म्हणून आपण दाढ काढतो. फोटोचे शे-दोनशे रुपये वाचवून आपण दाढ घालवतो, हा कुठला व्यवहार?

तेव्हा डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला तर काढा, पण नंतर न लाजता तीन प्रश्न विचारा. कीड कुठे आहे, मला बोटानं दाखवा. ती किती खोल गेली आहे? आणि आज काहीच केलं नाही तर काय होईल? हे विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नाही. आमच्या गटातल्या एका ताईंना एका दवाखान्यात फोटो न दाखवताच ‘तीन दाढा खराब आहेत’ असं सांगितलं गेलं. त्या घाबरून परत आल्या आणि पुढे वर्षभर कुठल्याच दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. तोच फोटो दोन मिनिटं समोर धरला असता तर त्यांना पटलं असतं किंवा त्यांनी प्रश्न तरी विचारला असता. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, काठ बघतो, मग आपल्याच दाताचा फोटो बघायला संकोच का करायचा? फोटो घरी मागून न्या, पाकिटावर तारीख टाका आणि रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. पुढच्या वेळी जुना-नवा शेजारी ठेवला की कीड वाढली की थांबली, हे डॉक्टरांना लगेच कळतं.

किरणांची भीती बऱ्याच जणींना वाटते. दाताच्या एका छोट्या फोटोत जेवढे किरण शरीराला मिळतात, ते माती, खडक, आकाश यांतून आपल्याला रोज नैसर्गिकरीत्या मिळणाऱ्या किरणांच्या साधारण एका दिवसाएवढे असतात. म्हणून गरज असताना घाबरायचं कारण नाही, आणि गरज नसताना हौस म्हणून काढायचंही कारण नाही. ज्याला कीड वारंवार होते, त्याला डॉक्टर सहा महिने-वर्षानं फोटो सांगतील. ज्याचे दात चांगले आहेत अशा मोठ्या माणसाला दोन-तीन वर्षांतून एकदाही पुरतो. दिवस गेले असतील तर आधी सांगा. अगदी जरूर असेल तर गरोदरपणातही दाताचा फोटो काढता येतो, पण ठरवू डॉक्टरांना द्या. लहान मुलाच्या तोंडातली फिल्म धरायला तुम्हाला थांबवलं, तरीही हे सांगायचंच. एक्स-रे यंत्राची नोंद मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करावी लागते. नोंद आहे का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आता मुलांकडे वळू. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे आपलं आवडतं वाक्य. दुधाच्या दातांचं कवच पातळ असतं, त्यामुळे कीड लवकर नसेपर्यंत जाते. शिवाय साधारण सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठला दात पडत नाही, म्हणून आईला वाटतं हीही दुधाचीच. पण ती कायमची असते! आठव्या-नवव्या वर्षी ती किडली आणि ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडली, तर त्या जागी पुन्हा दाढ येणार नाही. फोटोत दुधाच्या दाताखाली वाट पाहत असलेला कायमचा दातही दिसतो. एकदा तो पाहिला की आईचं मत आपोआप बदलतं.

भारतीय दंत परिषदेनं २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत ५ वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के, १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि ३५ ते ४४ वयाच्या माणसांपैकी ८०.२ टक्के लोकांच्या दातांत कीड आढळली होती. पाहणीला वीस वर्षं उलटून गेली. पण अशा पाहण्यांत एक्स-रे काढत नाहीत, डोळ्यांना दिसेल तेवढीच कीड मोजतात. फटीत लपलेली कीड धरली तर आकडा वरच जाईल.

शाळेत तपासणी होत नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात ३० प्रकारचे आजार व दोष पाहतात, दातांचे आजारही त्यात आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येतं. २०२३ च्या मे महिन्यात राज्य सरकारनं ‘स्वच्छ मुख अभियान’ काढलं, सचिन तेंडुलकरांना त्याचा चेहरा केलं. हे सगळं चांगलंच आहे. पण टॉर्चच्या उजेडात तोंड बघून कार्डावर ‘दंतक्षय’ लिहिलं, त्याच्या पुढे काय? सरसकट सगळ्या पोरांचे फोटो काढा, असं मी म्हणत नाही, ते योग्यही नाही. ज्याच्यावर शंका आहे ते मूल फोटोपर्यंत आणि उपचारापर्यंत पोहोचलं पाहिजे, एवढंच म्हणते. संग्रामपूर किंवा लोणारच्या खेड्यातल्या आईला लेकराला घेऊन बुलडाण्याला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. सोंगणीचे, कापूस वेचणीचे दिवस असले तर विचारायलाच नको. ती चिठ्ठी दप्तरातच राहते, यात नवल काय?

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. सगळ्या देशाचं लक्ष आपल्या जिल्ह्याकडे गेलं, आयसीएमआरची पथकं आली, पाण्याचे, रक्ताचे नमुने नेले. आलीच पाहिजे होती. दात मात्र एकेक करून, वर्षानुवर्षं, आवाज न करता जातात. त्यांच्यासाठी पथक येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलडाण्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. दातांचं सरकारी कॉलेज गाठायचं तर मात्र आजही छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर. मग निदान तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्याचा एक दिवस दातांसाठी ठरलेला असावा, दाताच्या एक्स-रेचं यंत्र चालू असावं आणि हा दिवस गावोगावी आशाताईंमार्फत कळवलेला असावा. ही मागणी ग्रामसभेत कोण करणार? पाण्यासाठी, दारूबंदीसाठी हंडे-लाटणी घेऊन निघणाऱ्या आपणच करायला हवी.

शेवटी आपल्याविषयी. घरात सगळ्यांचं दुखणं-खुपणं बघणारी बाई स्वतःच्या दाताला सगळ्यांत शेवटी बघते. कित्येक जणी मिश्री लावतात. तंबाखूनं कॅन्सरचा धोका तर आहेच, पण त्या काळेपणात खालची कीडही झाकून जाते. मग चाळिशीत दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या, भाकर चहात बुडवून खायची आणि म्हणायचं, ‘माझं काय, होतं तेवढ्यात!’ शेंगदाणे, गाजर, हरभरे, चावून खायचं सगळं ताटातून जातं आणि अशक्तपणा मागे लागतो. त्यावर टॉनिकं घेतो, पण दाढा कशा गेल्या ते विचारत नाही.

म्हणून पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले ‘फोटो काढू’, तर ‘कशाला?’ हे जरूर विचारा. पण नाक मुरडून विचारू नका, उत्तर ऐकून घ्यायला विचारा. आणि मुलांचा, सासूबाईंचा, यजमानांचा नंबर लागला की त्याच चिठ्ठीवर आपलंही नाव लिहायला विसरू नका.